जुना ट्रक घेताय? इसार देण्याआधी चेसिस नंबर स्वतः तपासा

बेळगाव : उसाचा गाळप हंगाम जवळ आला की सीमाभागात जुन्या ट्रकची खरेदी-विक्री वाढते. केए-२२ पासिंगची गाडी गडहिंग्लजला जाते, एमएच-०९ची गाडी निपाणी-चिक्कोडीत येते, गोव्यातली गाडी खानापुरात उभी राहते. घेणारा टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, हौद्याचा पत्रा ठोकून बघतो. चेसिस नंबरचं काम मात्र "एजंट बघून घेईल" म्हणून सोडून देतो. चोरीची गाडी, कर्जाचा बोजा असलेली गाडी किंवा दोन गाड्या जोडून केलेली एक गाडी गळ्यात पडते ती इथेच.

१७ अक्षरांत काय असतं?

चेसिस नंबर हा इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून १७ खुणांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. लोखंडावर यातलं एखादं अक्षर स्पष्ट कोरलेलं दिसलं तर तिथेच थांबावं.

पहिली तीन अक्षरे कारखाना सांगतात. टाटा मोटर्सच्या गाडीची सुरुवात 'एमएटी', अशोक लेलँडची 'एमबी१', महिंद्राची 'एमए१' अशी असते. बॉनेटवर एका कंपनीचं नाव आणि नंबराची सुरुवात दुसऱ्या कंपनीची, असं असेल तर पुढं बोलण्यात अर्थ नाही.

बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर उत्पादनाचं वर्ष दाखवतं. ए म्हणजे २०१०, ई म्हणजे २०१४, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. कंपनीनुसार ही पद्धत बदलू शकते, म्हणून त्या कंपनीच्या अधिकृत डीलरकडून खात्री करून घ्यावी. २०१५ची गाडी २०१८ची म्हणून विकली तर लाखांचा फरक पडतो.

आधी लोखंड, मग कागद

बहुतेक ट्रकमध्ये हा नंबर उजव्या बाजूच्या लांब चॅनेलवर, पुढच्या चाकाजवळ कोरलेला असतो. केबिनमधल्या पट्टीवरही तो असतो. माती-ग्रीस पुसून, उजेडात, सगळे १७ अंक-अक्षरे स्वतः वाचावीत. कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्यावी. आरटीओत लागते तीच ही चेसिस प्रिंट. छापेत अक्षरांची उंची कमी-जास्त, अंतर वेडंवाकडं किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तेवढ्याच जागी ताजा रंग किंवा वेल्डिंग असलं, तर गाडी सोडून द्यावी.

गंजून नंबर पुसला गेला असेल तर आरटीओच्या परवानगीने तो पुन्हा कोरून घेता येतो. इंजिन बदलणंही ट्रकच्या धंद्यात नवं नाही. पण दोन्हीची नोंद कागदावर पाहिजे. नोंद नसेल तर फिटनेसच्या वेळी गाडी अडकते.

नंबर घेऊन चार ठिकाणी

पहिलं, परिवहन खात्याचं वाहन पोर्टल किंवा एमपरिवहन ॲप. तिथे नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, कर यांची मुदत आणि कर्ज देणाऱ्याचं नाव दिसतं. मालकाच्या नावातली काही अक्षरे झाकलेली असतात, पण विकणाऱ्याच्या आधार कार्डाशी जुळवण्याइतकी दिसतात. ब्लॅकलिस्टची नोंद असेल तर आधी कारण विचारावं.

दुसरं, ई-चलन पोर्टल. गाडी क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे अंक टाकले की चलन निघतात. सीमेवरची गाडी दोन-तीन राज्यांत फिरलेली असते, त्यामुळे दुसऱ्या राज्यातलं चलनही बघावं.

तिसरं, पोलिसांची चोरीची नोंद. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नागरिक सेवेत गाडी, चेसिस आणि इंजिन नंबर टाकून वाहनाची एनओसी काढता येते. चोरीची गाडी अजाणता घेतली तरी पोलीस ती जप्त करतातच. पैसे विकणाऱ्याकडून वसूल करत बसावं लागतं.

चौथं, कंपनीचं अधिकृत वर्कशॉप. चेसिस नंबरावरून तिथे सर्व्हिसचा इतिहास आणि त्या वेळचं किलोमीटर मिळू शकतं. मीटर मागे फिरवला असेल तर इथे कळतं. विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य दिसला तर गाडीला अपघात झाला होता का, हे विचारून घ्यावं.

परराज्याची एनओसी म्हणजे हमी नव्हे

आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरचं प्रकरण २०२० मध्ये गाजलं. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाने बंद केली होती. भंगार म्हणून विकलेले असे दीडशेवर ट्रक खोट्या कागदांनी बीएस-४ दाखवून नागालँडमध्ये नोंदवले, तिथली एनओसी घेऊन आंध्रात आणले आणि पुढे विकले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. आरसी होती, एनओसी होती. चेसिस नंबरावरून कारखान्याचा मूळ तपशील मात्र कोणी ताडून पाहिला नव्हता. नंतर नोंदणी रद्द करण्याची कारवाई झाली.

बोजा आणि नाव

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर "हप्ते संपलेत" एवढ्या शब्दावर जाऊ नये. बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात घ्यावा. दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची तर फॉर्म २८ वर मूळ आरटीओची एनओसी लागते, त्यावर चेसिस प्रिंट असते. ती आपण घेतलेल्या छापेशी ताडून बघावी. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकून पैसे घेतले, पण नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्याच दारात येते.

क्रम लक्षात ठेवा

लोखंडावरचा नंबर, केबिनमधली पट्टी, आरसी, विमा पॉलिसी आणि पोर्टल, या पाचही ठिकाणी १७ च्या १७ अंक-अक्षरे जुळली पाहिजेत. एकही अक्षर चुकलं तर विकणाऱ्याने आधी आरटीओतून दुरुस्ती करून आणावी. इसार, म्हणजे आपल्याकडचा संचकार, त्यानंतरच द्यावा. कागदावरही पूर्ण चेसिस नंबर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. नुसता गाडी क्रमांक लिहून भागत नाही, कारण नंबर प्लेट दहा मिनिटांत बदलता येते.