बाईच्या मनाचा भार : घरोट्यापासून विहारापर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की सभा, मोर्चे, देणगीदार आणि बांधकाम यांचा इतिहास लिहिला जातो. तो हवाच. पण आमच्या आया-बहिणींच्या मनावर काय ओझं होतं आणि ते त्या कुठं उतरवत होत्या, हा इतिहास कोणी लिहीत नाही. फैजपूर म्हटले की १९३६ सालचे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन सर्वांना आठवते. त्याच काळात पहाटे दळून दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबणारी बाई मात्र कुठल्या कागदावर नाही. तिच्याविषयी हे चार शब्द.

जाते, म्हणजे आपला घरोटा, ही तिची पहिली जागा. सासुरवास, गेलेलं लेकरू, दूर राहिलेली माय, सगळं ती ओवीत सांगायची. हेमा राईरकर, गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. आपल्या जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) तिशीतच विधवा झाल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं घरोट्याशी आणि शेताशी बोलत आयुष्य काढलं.

दुसरी जागा म्हणजे अंगात येणं. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ च्या पुस्तकात याची वर्णनं आहेत. एरवी जिला तोंड उघडायची सोय नव्हती, तिच्यापुढे अंगात आल्यावर घरादारानं हात जोडायचे! आम्हाला वाटते, त्या घुमण्यात पुष्कळदा देवी नव्हती, दाबून ठेवलेलं दुःख होतं. भगताला मात्र ते दिसलं नाही. त्यानं कोंबडं मागितलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर देव्हारे गेले, अंगात येणंही मागे पडलं. पिठाची गिरणी आली, घरोटा मुका झाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण बाईचं दुःख काही गिरणीत दळलं गेलं नाही. मग ती ते सांगणार कुणाला?

बाबासाहेबांना बाईचा हा भार ठाऊक होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या आधी व नंतर कामकरी स्त्रीला विश्रांती मिळाली पाहिजे म्हणून बाजू मांडली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले, की बायकोने नवऱ्याची गुलाम नव्हे, मैत्रीण म्हणून वागावे.

त्याही मागे गेलो तर पटाचारा थेरी भेटते. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरं गेली, आई-वडील आणि भाऊ घर कोसळून मेले. ती भान हरपून, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध न ठेवता फिरू लागली. लोकांनी 'वेडी' म्हणून हाकलले. भगवान बुद्धांनी मात्र तिला जवळ येऊ दिले, एकाने अंगावर वस्त्र टाकले, आणि तथागतांनी तिला शांतपणे भानावर आणले. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत अग्र ठरली आणि लेकरं गमावलेल्या कितीतरी बायांना तिनं सावरलं. आधी आसरा, मग उपदेश, हा क्रम आम्ही विसरू नये.

आज वैद्यक शास्त्र काय सांगते? दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणं, झोप-भूक उडणं, कशातच जीव न रमणं, विनाकारण धडधडणं, जगणं नकोसं वाटणं ही नखरे करण्याची लक्षणं नव्हेत. हा आजार आहे. बाळंतपणानंतरही तो होतो. बोलण्यानं आणि औषधानं तो बरा होतो.

अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. तिथे गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन ऐकून घेतलं. उदासीनतेच्या आजारात मदत घेणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ४ वरून २७ वर गेलं. म्हणजे डॉक्टर दूर असला तरी शेजारीण पहिली पायरी होऊ शकते.

कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा हक्क झाला, आणि जीव द्यायला निघालेल्या माणसाला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे धरावे, असे ठरले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो.

म्हणून आमची विनंती एवढीच, की वंदना झाल्यावर बायांनी लगेच घरी पळू नये, घटकाभर बसावं. जी बोलत नाही तिला 'काय वं माय, बरं वाटत नाही का?' असं विचारावं. ऐकलेलं बाहेर सांगू नये. घरच्या पुरुषांनी तिला भगताकडे नव्हे, दवाखान्यात न्यावं, आणि तोवर चूल स्वतः पेटवावी. जीव देण्याची भाषा ती करू लागली तर तिला एकटी सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरोटा गेला, देव्हारा गेला. आता ती जागा आपल्या विहाराने घ्यावी. जयभीम!