ख्रिस्ती ओळख (साउथहॅम्प्टन)

ख्रिस्ती ओळख (साउथहॅम्प्टन) : एखाद्याला ख्रिस्ती ठरविण्याचा अधिकार राज्याचा, मंडळीचा (उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या ख्रिस्ती समुदायाचा) की ज्याचा त्याचा, या वादाचा दक्षिण इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन बंदरात दिसणारा इतिहास. १६६२ च्या एकरूपता कायद्याने राष्ट्रीय ‘चर्च ऑफ इंग्लंड’चा प्रार्थनाग्रंथ धर्मसेवकांवर बंधनकारक केल्यावर तो नाकारणारे भिन्नमतवादी, येशूवरील श्रद्धेत उणे नसूनही, कायद्याच्या कचाट्यात सापडले. गीतकार आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) याचा जन्म येथील अशाच कुटुंबात झाला. त्याच्या वडिलांना मतासाठी तुरुंगवास घडला, आणि तान्ह्या मुलाला घेऊन आई तुरुंगाच्या दाराशी बसे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढे वॉट्सनेही राष्ट्रीय चर्च स्वीकारण्याच्या अटीमुळे विद्यापीठीय शिक्षण नाकारले आणि १६९० मध्ये लंडनजवळील स्टोक न्यूइंग्टनच्या भिन्नमतवादी विद्यालयाची वाट धरली.

त्याची खरी कसोटी मात्र स्वपक्षातच लागली. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांत एकच देव असल्याचा सिद्धांत धर्मसेवकांवर लादण्यास त्याने विरोध केला, तेव्हा त्याच्यावर एरियसवादाचा, म्हणजे पुत्राला पित्यापेक्षा कमी लेखण्याचा आरोप आला. ज्या राष्ट्रीय चर्चपासून तो दूर राहिला, तेथेही त्याची गीते पुढे आवडीने गायली गेली, आणि साउथहॅम्प्टनच्या नागरी केंद्राच्या घड्याळातून त्याच्या एका स्तोत्राची चाल वाजते, हा इतिहासाचा मिस्कीलपणाच होय. मराठी वाचकाला येथे पंडिता रमाबाई आठवतील : साउथहॅम्प्टनच्या उत्तरेकडील वाँटेज येथे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी ख्रिस्ताला मानणे आणि अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) गुरुजनांचा प्रत्येक सिद्धांत मानणे यांत फरक केला व त्यापायी पत्रांतून दीर्घ वाद घातला.

आज राज्याने हा निर्णय व्यक्तीवर सोपविला आहे. इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत २००१ पासून धर्माचा ऐच्छिक प्रश्न असतो, आणि उत्तर देणाऱ्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला किंवा उपासनेतील हजेरी यांची विचारणा होत नाही. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे तेथील प्रमाण २००१ मध्ये ७१.७ टक्के होते; २०२१ मध्ये ते ४६.२ टक्क्यांवर आले. या घटीचा अर्थ लावताना जपावे लागते, कारण पूर्वी केवळ घराण्याच्या रीतीने ख्रिस्ती लिहिणारे आता ‘धर्म नाही’ असे लिहीत असतील, तर श्रद्धेपेक्षा सवयच अधिक घटली असे म्हणावे लागेल. उलट साउथहॅम्प्टनमधील पोलिश कॅथलिकांच्या परंपरेत बाप्तिस्मा व रविवारची मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) हीच ओळखीची मुख्य खूण असून, कॅथलिक मतानुसार एकदा झालेला बाप्तिस्मा जनगणनेत काहीही लिहिल्याने पुसला जात नाही.