आणखी एकच टाकी

मासे पाळणाऱ्या माणसाला ‘तुमच्याकडे टाक्या किती?’ असं कधी विचारू नये. बाईला वय आणि कारकुनाला पगार विचारण्याइतकंच ते असभ्य आहे. ज्याच्याकडे एक टाकी असते तो ताबडतोब ‘एक’ म्हणून सांगतो. त्याला अजून काही झालेलंच नसतं. ज्याच्याकडे सहा असतात तो आधी बायको जवळपास आहे का ते बघतो आणि मग हळूच म्हणतो, ‘आहेत तीन-चार.’

मी तीन-चारवाला.

ही गोष्ट २००७ सालची. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा माशांच्या सहा टाक्या होत्या. सुरुवात झाली ती मुलीच्या वाढदिवसाला आणलेल्या दोन गोल्डफिशपासून. गोल्डफिश हा खादाड प्राणी आणि घाणही त्याच प्रमाणात करणारा. त्याच्या पाण्यात नाजूक मासे टिकायचे नाहीत, म्हणून गप्पींना दुसरी टाकी. गप्पी अंडी घालत नाही, थेट पोरंच घालते. महिन्या-महिन्याला वीस-तीस, आणि जराशी सवड मिळाली की स्वतःच खाते. पोरं वाचवायला तिसरी. फायटरचा नर दुसरा नर दिसला की मरेस्तोवर भांडतो, म्हणून त्याचं वेगळं बिऱ्हाड, ती चौथी. एंजल मासे वाढले आणि एका रात्रीत सात निऑन गिळून सकाळी अगदी साळसूदपणे काचेशी उभे राहिले. त्यांना हद्दपार करायला पाचवी. आणि आजाऱ्यांसाठी सहावी. तिला घरात ‘दवाखाना’ म्हणत.

यातली एकही टाकी मी हौसेनं आणली नव्हती. प्रत्येक गरजेपोटी आली होती. पिणारेही असंच सांगतात, असं आमच्या हिचं मत.

आणि अशातच कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात मला ‘मिस केरळ’ दिसली. नाव बाईचं असलं तरी यात नर-मादी दोन्ही आले. चंदेरी अंग, अंगभर एक काळी रेघ, तिच्यावर नाकापासून निघालेली कुंकवासारखी लाल रेघ. हा मासा एकटा राहत नाही, कळपानं लागतो. आणि पळायला लांबलचक जागा मागतो. म्हणजे तीन फुटी टाकी. म्हणजे सव्वाशे लिटर पाणी. सव्वाशे लिटर पाणी म्हणजे सव्वाशे किलो, आणि हे सव्वाशे किलो ठेवायला जागा एकच होती. तिथं सोफा होता.

शहाण्या नवऱ्यानं अशा वेळी सरळ विचारलं असतं आणि सरळ नकार घेतला असता. मी इतिहासाचा आधार घ्यायचं ठरवलं. ‘हे वेड माझं एकट्याचं नाही, मोठमोठी माणसं यातून गेली आहेत,’ असं साक्षीपुराव्यांनिशी सिद्ध केलं तर सोफा हलेल, असा माझा हिशेब. महिनाभर लायब्ररी धुंडाळली, वही भरली, आणि एका रविवारी पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यावर मी उभा राहिलो. समोर ही, बारावीतली मुलगी, आणि मालवणहून आलेल्या सासूबाई. सासूबाईंचा या विषयावरचा निकाल पहिल्या दिवशीच लागला होता : “खाऊचे नाय, तर पाळूचे कित्याक?”

मी चीनपासून सुरुवात केली. हजार वर्षांपूर्वी सुंग राजांच्या काळात तळ्यांतून सोनेरी मासे पाळत. पुढे मिंग काळात तेच मासे तळ्यातून उचलून मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांत, घरात आणले गेले. घरात आल्यावर माणसं त्यांच्याकडे निरखून बघू लागली, विचित्र तेवढे निवडून वाढवू लागली, आणि त्यातून दुहेरी शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे नमुने तयार झाले.

“सम्राटच होते ते!” मी समारोप केला.

“पाणी बदलायला माणसं किती होती सम्राटाकडे?” हिनं विचारलं.

माझ्या वहीत हा आकडा नव्हता. मी घाईनं पुढच्या साक्षीदाराला बोलावलं.

ही साक्षीदार बाई होती, आणि ती मी मुद्दामच निवडली होती. जान व्हिलप्रो-पॉवर. फ्रान्समधली, साध्या घरची. पॅरिसला येऊन शिवणकामात नाव काढलं, एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर भरतकाम केलं. मग लग्न करून सिसिलीत मेसिना बंदरी राहायला गेली. तिथल्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या गोतातला एक प्राणी मिळतो. त्याच्याभोवती कागदासारखा पातळ शिंपला असतो. हा शिंपला त्याचा स्वतःचा, की दुसऱ्या कुणाचा ढापलेला, यावर विद्वानांचे वाद चालले होते. मेलेल्या प्राण्याकडे बघून ते मिटेनात. बाईनं १८३२ साली काचेच्या टाक्या करवून घेतल्या, त्यात जिवंत आर्गोनॉट ठेवले, आणि शिंपला तो स्वतः बनवतो, फुटला तर स्वतः सांधतो, हे डोळ्यांनी बघून सिद्ध केलं.

ही खूश झाली. मी मनातल्या मनात सोफा हलवला.

“म्हणजे तिला एक प्रश्न पडला होता,” ही म्हणाली, “म्हणून तिनं टाकी आणली. तुमचा प्रश्न काय आहे?”

माझा प्रश्न सोफा कुठं ठेवायचा एवढाच होता. तो मी विचारला नाही.

तिसरा साक्षीदार डॉक्टर वॉर्ड. लंडनच्या धुरात याच्या बागेतले नेचे मरून जात. १८२९ साली यानं एका बाटलीत ओलसर मातीत पतंगाचा कोश ठेवला आणि झाकण लावलं. पतंगाची वाट बघता बघता मातीतून नेच्याचं इवलंसं रोप वर आलं. आतली वाफ आतच गार होऊन परत मातीत मुरत होती. यातून काचेची बंद पेटी निघाली, आणि त्या पेट्यांच्या आगेमागे साऱ्या इंग्लंडला नेच्यांचं वेड लागलं. बायका डोंगर पालथे घालून नेचे उपटून आणू लागल्या. अशाच पेट्यांतून १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधली चहाची हजारो रोपं हिमालयाच्या उतारांवर आणली.

“त्या पेटीनं चहा तरी दिला,” कप गोळा करत ही म्हणाली. “पुढचा?”

पुढच्या साक्षीदारावर माझी फार भिस्त होती. अ‍ॅना थिन या लंडनच्या प्रतिष्ठित बाई. यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत मोठे धर्माधिकारी. १८४६ साली त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ बरणीत घालून लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी तेवढंच. ते नासू नये म्हणून हवा खेळवायला हवी. पंप तर नव्हता. तेव्हा रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभं राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, असा क्रम त्यांनी ठेवला.

“स्वतः?” मुलीनं विचारलं.

“नाही. मोलकरीण ओतायची.”

मी हे वाक्य बोललो आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं.

वाचकहो, त्या वर्षी आमच्याकडे भारनियमन होतं. मे महिन्यात मी ऑफिसच्या कामानं नागपूरला गेलो होतो. बॅटरीवरचा पंप आणायचं मी चार महिने ठरवत होतो. एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. उन्हाळ्यात पाणी तापतं, तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि आमच्या टाक्यांतली गर्दी विरार लोकलसारखी. मासे वर येऊन तोंडं वासू लागले. मी परत आलो तेव्हा सहाही टाक्या ठीक होत्या. वीज गेल्याचं मला पुढं आठवड्यानं, आणि तेही शेजारणीकडून कळलं. ती म्हणाली, “वहिनी मेणबत्ती लावून रात्रभर तांब्यानं पाणी वरखाली करत होत्या हो!”

हिनं स्वतःहून कधी काढलं नव्हतं. आत्ताही काढलं नाही. फक्त म्हणाली, “तिचं नाव काय होतं, त्या मोलकरणीचं?”

माझ्या वहीत तेही नव्हतं.

मी घसा साफ करून रॉबर्ट वॉरिंग्टनकडे वळलो. हा रसायनशास्त्रज्ञ. १८४९ साली यानं बारा गॅलनच्या टाकीत मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी अशी संगत जमवली. वनस्पती प्राणवायू सोडणार, मासे तो घेणार. कुजकी पानं गोगलगायी खाणार. पाणी वारंवार बदलायला नको. घरच्या टाकीचं सारं शास्त्र इथून सुरू झालं.

“बारा गॅलनमध्ये मासे किती ठेवले होते त्यानं?”

“दोन.”

“दोनच?”

“दोन,” मी म्हणालो. सासूबाईंनी इथं पहिल्यांदा मान डोलावली.

आता उरला गॉस. माझा हुकमी एक्का! इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, काच स्वस्त झाली होती. आगगाडी समुद्रापर्यंत पोचली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिबागेत माशांचं घर उघडलं. आणि फिलिप हेन्री गॉस या भाविक, अभ्यासू माणसानं १८५४ साली ‘अ‍ॅक्वेरियम’ या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यानंच हा शब्द घरोघरी नेला. समुद्रफुलं कशी आणावी, कशी जगवावी, मिठाचं पाणी घरी कसं बनवावं, सगळं सांगितलं. लोक वेडे झाले. सभ्य बायामाणसं बरण्या आणि हातोड्या घेऊन डेव्हनच्या खडकांवर उतरली. लॉइड नावाच्या गृहस्थानं लंडनमध्ये नुसत्या टाक्या आणि समुद्री जीव यांचं दुकान थाटलं. एक टाकी असणाऱ्याला दुसरी हवी होती, दुसरी असणाऱ्याला तिसरी.

“बघा,” मी विजयानं म्हणालो, “अख्खा देश!”

“पुढं काय झालं?”

पुढचं मी सांगणार नव्हतो. पाणी नासलं, फुलं मेली, लॉइडचं १८६२ साली दिवाळं निघालं, आणि दहा-बारा वर्षांत ते वेड ओसरलं. एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण गॉसच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ साली वडिलांवर लिहिलेलं पुस्तक मी लायब्ररीतून आणून टेबलावर ठेवलं होतं, आणि माझी मुलगी ते वाचत बसली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “याच्यात लिहिलंय की हा लहानपणी वडिलांबरोबर खडकांतल्या पाण्याच्या डबक्यांत बघायचा ना, तेव्हा ती जिवंत बागांसारखी होती. मग त्यांचं पुस्तक वाचून माणसं आली, त्यांनी ओरबाडून नेलं सगळं. काही राहिलंच नाही. आणि ते आपल्यामुळे झालं हे वडिलांना कळलं, फार लागलं त्यांना.”

कुणी काही बोललं नाही. ज्या किनाऱ्यावर त्या माणसाचा जीव होता, तो त्यानंच रिकामा केला होता. रागानं नव्हे, लोभानं नव्हे. ‘बघा तरी किती सुंदर आहे’ असं चारचौघांना सांगून.

“ते तुमचे मिस केरळ,” हिनं अगदी साधेपणानं विचारलं, “कुठून येतात?”

तिनं नाही म्हटलं नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी मी कुर्ल्याला गेलो आणि दुकानदाराला तेच विचारलं. तो उत्साहानं म्हणाला, “साहेब, फार्मचा नाही. एकदम नदीतला माल. ताजा!”

ताजा! सासूबाईंना हा शब्द पटला असता. मी त्या सहा लाल रेघांकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. मग स्टेशनवर डझनभर केळी घेऊन घरी आलो.

पुढं हळूहळू कळत गेलं. या माशाला फ्रान्सिस डेनं १८६५ साली पहिलं शास्त्रीय नाव दिलं, मद्रासच्या गव्हर्नर डेनिसनवरून. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या, केरळ आणि कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांत तो राहतो. परदेशी टाक्यांसाठी तो इतका उपसला गेला की केरळ सरकारला २००८ साली पकडण्यावर निर्बंध घालावे लागले. २०११ पर्यंत तो जगाच्या लाल यादीत ‘धोक्यात’ या सदरात गेला होता. आणि २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदललं : सह्याद्रिया. ते वाचलं त्या दिवशी मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “बरं झालं, सोफा राहिला.”

सहाच्या टाक्यांच्या आम्ही दोन केल्या. मासे मेले तसे नवे आणले नाहीत. गप्पी मात्र संपता संपेनात. दोन टाक्या, बेताचे मासे, भरपूर वनस्पती. वॉरिंग्टन बरोबर होता. पाणी फार कमी बदलावं लागतं.

चार रिकाम्या टाक्या काही वर्षं माळ्यावर होत्या. परवा त्यातली एक काढली. आमच्या बाल्कनीबाहेरच्या सांडपाण्याच्या पाइपावर पावसाळ्यात नेचा उगवला होता. म्हटलं, बघावं तरी डॉक्टर वॉर्डचं खरं होतं का. ओलसर माती घातली, वर काच ठेवली. आठ दिवसांत आतून दव धरलं आणि कोवळी पानं गुंडाळी सोडून वर आली. इतकं देखणं दिसतं म्हणून सांगू!

फक्त एक अडचण झाली आहे. या नेच्याला सावली लागते, आणि पाइपावर दुसऱ्या जातीचा जो आला आहे त्याला थोडं ऊन लागतं. दोघं एका टाकीत राहणं शक्य नाही.

माळ्यावरून दुसरी टाकी काढायला शिडी लावली आहे. ही खाली शिडी धरून उभी आहे आणि विचारते आहे, “वर एकूण किती आहेत हो?”

“आहेत,” मी म्हणालो, “तीन-चार.”