जर्मनचं पातेलं, करपलेली खिचडी आणि ते घासणाऱ्या मावशी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण वाचा.

गेले पंधरा दिवस आपल्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. इंग्रजांनी क्रांतिकारकांना तुरुंगात हळूहळू मारायला ॲल्युमिनियमची भांडी आणली, आणि आज त्याच भांड्यांत तुमच्या मुलांची खिचडी शिजते. खाली मोठ्या अक्षरांत ‘जागे व्हा’. एका शाळेत पालक मुख्याध्यापकांना भेटायलाही गेले. जायलाच हवं, पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. बातमीच्या निमित्ताने मीही गेलो होतो. ऑफिसात चर्चा रंगली होती आणि मागे नळापाशी स्वयंपाकाच्या मावशी उकिडव्या बसून भल्यामोठ्या पातेल्याचा तळ लोखंडी उलथन्याने खरवडत होत्या. खिचडी बुडाला लागली होती. शेजारी धुण्याच्या सोड्याची पुडी, तारेची घासणी आणि राखेचं डबडं. पातेल्यात विष आहे का, यावर सगळे बोलत होते. ते रोज घासतं कोण आणि कशाने, हे कोणी विचारलं नाही.

आधी त्या मेसेजचं बघू.

पत्रकारितेच्या डिप्लोम्याला आमचे एक सर कुठल्याही दाव्यावर एवढंच विचारायचे, कागद कुठाय? या मेसेजला कागद नाही. जे नोंदलेलं आहे ते असं. भारतात ॲल्युमिनियमची भांडी बनवायचा पहिला नीट प्रयोग मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये १८९८ साली झाला. तो करणारा आल्फ्रेड चॅटर्टन हा इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होता. तांब्या-पितळेवर ठोके मारणाऱ्या कारागिरांना नव्या धातूचं काम मिळावं आणि लोकांना स्वस्त, हलकं, कल्हई न लागणारं भांडं मिळावं, असा त्याचा हिशोब. धातूचे पत्रे परदेशातून यायचे, घडवणारे हात इथले. १९०३ मध्ये हा सगळा उद्योग इंडियन ॲल्युमिनियम कंपनी नावाच्या खाजगी कंपनीला विकला गेला. पुढची गंमत बघा. सरकारनेच उद्योग काढून दाखवायचे हा चॅटर्टनचा खाक्या मद्रासच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना खुपायला लागला, आणि १९१० मध्ये भारतमंत्री मोर्ले यांनी लंडनहून कळवलं की सरकारने असल्या धंद्यात पडू नये. भांडी म्हणजे हिंदुस्थान्यांना मारायचं हत्यार असतं, तर सरकारने तो धंदा १९०३ मध्येच खाजगी कंपनीला विकला कशाला असता?

विषाची गोष्टही मुळात आपली नाही. १९२०-३० च्या काळात अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात चार्ल्स बेट्स नावाचा एक दंतवैद्य होता. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे माणसं आजारी पडतात, अशा पुस्तिका तो छापायचा. आपल्या मेसेजमध्ये फक्त इंग्रज आणि तुरुंग नवे आले.

आता आपल्या घराकडे वळू. ॲल्युमिनियमच्या आधी काय होतं? तांबं आणि पितळ. पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल घातलेलं काही ठेवलं की ते कळकायचं. कळकणे हा शब्द आजच्या पोरांना माहीत नसेल, पण कळकलेलं खाऊन ओकाऱ्या झालेली माणसं जुन्या घरांतून अजून सापडतील. म्हणून कल्हई. वर्षातून दोन-तीनदा कल्हईवाला यायचा, आळीच्या कोपऱ्यावर खड्डा करून भाता लावायचा. भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाने आतून एकसारखी फिरवायचा. भांडं चांदीसारखं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामं भांडं चुलीवर विसरलं की कल्हई गेली. आणि कल्हईला पैसे लागायचे. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची भांडी बिनकल्हईचीच राहायची.

अशा घरांत हे हलकं भांडं आलं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘जर्मन’, कुठे ‘जर्मल’. जर्मन सिल्व्हर नावाचा दुसराच एक मिश्रधातू आधीपासून बाजारात होता. तांबं, निकेल आणि जस्त यांचा. त्यात चांदी नावालाही नाही. तेच नाव या नव्या पांढऱ्या धातूला चिकटलं. त्याच्या शे-पन्नास वर्षं आधी म्हणाल तर हा धातू खरोखर चांदीच्या पंगतीला होता. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारी त्याचं कौतुक चाललेलं. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी वेगवेगळे राहून विजेने ॲल्युमिनियम काढायची एकच रीत शोधली आणि भाव कोसळला. आपल्याकडे धातू गाळायला १९४० च्या दशकात सुरुवात झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवरचा बॉक्साईट नंतर बेळगावच्या कारखान्यात जाऊ लागला, म्हणजे या भांड्यातली थोडी माती आपलीही आहे.

भाव कोसळल्यावर अमेरिकेत कंपन्यांना प्रश्न पडला, एवढ्या धातूचं करायचं काय? त्यांनी पातेली केली आणि ती विकायला माणसं दारोदार पाठवली. पहिल्या दिवशी पातेलं आरशासारखं. महिन्याभरात आतून काळं, तळाला करपलेल्याचा थर. बायका पुढच्या खेपेला विक्रेत्याला दारातच धरायच्या. न्यूयॉर्कमधल्या एका फेरीवाल्याने हे गाऱ्हाणं आपल्या नातलगाला सांगितलं. तो दागिने घडवणारा. त्याने पोलादी तारेची लोकर आणि दागिने चमकवायची तांबडी पूड घातलेला साबण अशी जोडी काढली. पेटंटच्या कामासाठी ते मिल्टन लोएब या वकिलाकडे गेले. फी द्यायला पैसे नव्हते, म्हणून वकिलाला धंद्यात भागी दिली. ही १९१३ ची ब्रिलो. चार वर्षांनी, १९१७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत एडविन कॉक्स नावाच्या असल्याच एका भांडीविक्याने तारेच्या लोकरीचे चौकोन साबणाच्या पाण्यात बुडवून वाळवायचे, परत बुडवायचे, असं करून घासण्या बनवल्या. घरात शिरकाव मिळावा म्हणून तो त्या फुकट वाटायचा. थोड्या दिवसांत लोक पातेल्यांऐवजी घासण्याच मागायला लागले. त्याच्या बायकोने त्यांना नाव दिलं ‘एस.ओ.एस.’, म्हणजे आमची पातेली वाचवा!

म्हणजे ज्यांनी भांडं विकलं त्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं की ॲल्युमिनियमच्या पातेल्याबरोबर ते घासायचं काहीतरी द्यावंच लागतं. आपल्याकडे पातेलं तेवढं आलं. घासायची विद्या पितळेचीच राहिली.

पितळेची विद्या काय, तर राख आणि चिंच. चिंचेने डाग जातो, राखेने तेलकटपणा जातो. पितळेला दोन्ही मानवतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. या धातूवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक पातळ, कडक थर आपोआप धरतो, तोच त्याला सांभाळतो. राखेचं पाणी, धुण्याचा सोडा हे क्षार त्या थराला खातात आणि खालचा धातू काळवंडतो. कॉस्टिक सोडा तर धातूच खातो, त्यातून बुडबुडे निघतात ते हायड्रोजनचे. मावशींचं पातेलं काळं पडलं ते स्वच्छतेच्या सोड्यानेच. मग ते काळं काढायला तार. तारेने ओरखडे, ओरखड्यांत दुसऱ्या दिवशीची खिचडी आणखी घट्ट धरते. मग आणखी सोडा. हे चक्र कितीतरी शाळांच्या मागच्या नळावर रोज फिरतंय.

खिचडी लागते कशाने? पातेल्याचा पत्रा पातळ, खाली जाळ एकाच जागी. ॲल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं हे खरं, पण पत्राच पातळ असेल तर ज्वालेवरची जागा बाकीच्यापेक्षा फार तापते. तिथलं पाणी आटतं, तांदळाचा स्टार्च आणि डाळीची प्रथिनं जळून कोळसा होतात आणि धातूला चिकटतात. दोनशे मुलांच्या खिचडीचा तळ ढवळायला हातात ताकद लागते, आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारतंच.

काढायचं कसं, ते सांगतो. यात माझं काही नाही, जुन्या स्वयंपाकिणी आणि रसायनशास्त्र इथे एका सुरात बोलतात. खिचडी काढल्यावर पातेलं कोमट असतानाच त्यात गरम पाणी ओतून ठेवायचं. तापल्या भांड्यात एकदम गार पाणी नको, बूड वाकतं आणि वाकलेलं बूड पुन्हा करपवतं. तासाभराने लाकडी उलथन्याने सुटेल तेवढं सोडवायचं. उरलेल्यासाठी थर बुडेल एवढं पाणी, त्यात चिंचेचा चोथा, लिंबाच्या पिळलेल्या साली किंवा आमसुलं टाकून दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. आंबटाने काळपटपणाही उतरतो. पाणी फेकून द्यायचं, मग काथ्या आणि साधा साबण. पहिल्यांदा नाही सुटलं तर परत उकळायचं, जोर लावायचा नाही. मोबाईलवर खाण्याचा सोडा सांगतात. तो धुण्याच्या सोड्याहून सौम्य आहे, पण तोही क्षारच. घालून उकळत किंवा रात्रभर ठेवू नका. आणि करपलेलं निघाल्यावर आतून नुसती राखाडी झाक राहिली तर ती घाण नाही, राहू द्या. पातेल्यात तोंड दिसलं पाहिजे हा हट्ट तपासणीला येणाऱ्या साहेबांनी सोडावा, ही विनंती.

मग आरोग्याचं काय, असं विचाराल. विचारायलाच हवं. आंबट आणि खारट पदार्थ या भांड्यात शिजवले, ठेवले तर ॲल्युमिनियम अन्नात थोडं उतरतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. २० किलोच्या मुलाला आठवड्याला ४० मिलिग्रॅम. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी जपावं. तेव्हा आमटी त्यात रात्रभर ठेवू नये, हे बरोबरच आहे.

मला जास्त भीती वाटते ती भंगाराची. कसलेही तुकडे वितळवून ओतलेल्या भांड्यात शिसं असू शकतं, आणि मुलांच्या मेंदूला शिशाचं कुठलंच प्रमाण बरं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं अन्नात उतरत असल्याचा इशारा दिला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला आहे. ॲल्युमिनियमच्या मानकाचा क्रमांक आयएस १६६०. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजणांनी शाळेतलं पातेलं उलटं करून हे चिन्ह पाहिलं?

आता पैशाचं. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी नेता यायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असं सांगितलं, आणि शाळेत चूल पेटली. चूल पेटली म्हणजे पातेलं आलं, पातेलं आलं म्हणजे घासणारी आली. तिचं सरकारी नाव ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. केंद्राने २००९ मध्ये तिचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षाचे दहा महिने. वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. राज्याने भर घालून ते २५०० वर आणलं. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसाला १०० रुपये, त्यात शिजवणं, वाढणं आणि हे खरवडणं. भांड्यांसाठी आधी शाळेला ५००० रुपये होते, २०१९ मध्ये पटानुसार १०,००० ते २५,००० झाले. पाच वर्षांनी भांडी बदलायची तरतूदही आहे.

म्हणून ज्या पालकांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत तीन गोष्टी मागा. भांड्यांचं शेवटचं बिल कधीचं आहे ते दाखवा. नवीन घ्याल तर जाड बुडाचं घ्या, स्टीलचं परवडलं तर उत्तमच, पण आयएसआय चिन्ह पाहून आणि बिलावर लिहून घ्या. आणि सोड्याची पुडी बंद करून काथ्या, लाकडी उलथनं आणि किलोभर चिंच किरकोळ खर्चात बसवा. सभेला मावशींनाही बोलवा, खुर्ची द्या. पातेल्याचं बूड कुठून पातळ झालंय हे गावात फक्त त्यांनाच माहीत आहे.

तुमच्या शाळेतलं पातेलं उलटं करून बघा आणि खाली कमेंटमध्ये सांगा, चिन्ह आहे की नाही.