सातबाऱ्याची लेखणी

गावच्या जमिनीचा हिशेब पूर्वी कुलकर्ण्याच्या घरात असे. मोडीतली दप्तरं रुमालात बांधलेली, वतन वंशपरंपरेचं, म्हणून दप्तरही घरचंच. आपल्या नावावर काय चढलंय, हे शेतकऱ्याला कुलकर्ण्याच्याच तोंडून कळायचं. इंग्रजी अमदानीत १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. कुलकर्णी वतनं संपवणारा कायदा मात्र १९५० साली झाला आणि लेखणी पगारी तलाठ्याकडे गेली.

सातबारा म्हणजे दोन गावनमुने एका कागदावर: सातमध्ये मालकी, बारामध्ये पिकं. बारा नंबर भरायला तलाठी भाऊसाहेबांनी बांधावर जावं, असा नियम होता. पण तलाठ्याच्या एका सजात अनेक गावं, त्यामुळे पीकपाहणी चावडीतच उरकली जायची, ही तक्रार जुनी. गेल्या साली लिहिलेला ऊस यंदाही कागदावर उभाच!

मग सातबाऱ्याचे उतारे संगणकावर चढले आणि जुन्या चुकाही सोबत चढल्या. कुठे वारसाचं नाव गळालेलं, कुठे खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळेना. या चुका शोधायला सरकारला गावोगावी चावडी वाचनाची मोहीम घ्यावी लागली. उतारे मोठ्याने वाचायचे, गावाने ऐकायचं, चूक असेल तर तिथेच सांगायचं. संगणकाला न दिसलेली चूक शेजारच्या बांधावरच्या माणसाला लगेच दिसते.

१ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा आला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहणं संपलं. खरी उलथापालथ मात्र १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने केली. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि बारा नंबर भरतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ज्याचं शेत, त्याच्या हाती लेखणी. अर्थात रेंज नसली की तोच शेतकरी मोबाइल उंच धरून बांधावर हिंडतो, आणि साधा फोन असलेली म्हातारी पुतण्याच्या सवडीवर राहते. नोंद करायची राहून गेली, तर पीकविम्यापासून सरकारी खरेदीपर्यंत सगळंच अडतं.

सातबाऱ्यातल्या बदलाच्या, म्हणजे फेरफाराच्या नोटिसाही आता ‘महाभूमी’ या सरकारी संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ या सदरात दिसतात. हरकतीला १५ दिवस मिळतात. जमीन गावाकडे आणि आपण शहरात असाल, तर जिल्हा, तालुका, गाव निवडून ही चावडी अधूनमधून वाचत जा.