डेस्क सोडला म्हणजे चळवळ सोडली काय?

आमच्यातले अनेक मित्र आज न्यूज पोर्टलच्या डेस्कवर बसतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या फोटोंची गॅलरी करा, हेडिंगमध्ये कीवर्ड टाका आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरा, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. त्यातला एखादा नोकरी सोडून माध्यमांवर पीएच.डी. करायला निघाला, की घरचे कपाळाला हात लावतात आणि आपलेच कार्यकर्ते म्हणतात, ‘गेला, चळवळीतून गेला!’

हा आरोप आम्हाला मान्य नाही. तो करणाऱ्यांनी नागपूरचा इतिहास वाचावा.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१० मध्ये, मोहप्याच्या किसन फागुजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’ काढले. पुढे ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’. पत्रे काढणारा माणूस होता. त्यांची नोंद ठेवणारा इतिहासकार मात्र प्रस्थापितांच्या घरचा होता. त्याची गाडी ‘दर्पण’वरून सुटायची आणि ‘केसरी’वर थांबायची.

हे ओळखले गंगाधर पानतावणे यांनी. जन्म नागपूरचा, १९३७ चा, कर्मभूमी औरंगाबाद. अर्धशतकाच्या आसपास ‘अस्मितादर्श’ चालवणाऱ्या या संपादकाने ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ यांना अभ्यासाचा विषय बनवले. बाबासाहेब घटनाकार म्हणून सर्वांना ठाऊक होते. त्यांच्यातला संपादक दाखवायला एक संपादकच लागला.

अर्थात, तुलना पुरती जुळत नाही हे आम्हीही जाणतो. पानतावणे सरांचे नियतकालिक स्वतःचे होते. आमच्या मित्राचे पोर्टल दुसऱ्याचे. त्यांनी संपादन सोडले नाही. याला डेस्क सोडावा लागतो. पण का सोडावा लागतो? २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके आणि न्यूज वेबसाइट यांतील १२१ नेतृत्वाची पदे तपासली. १०६ वर सवर्ण. अनुसूचित जाती-जमातींचे शून्य! हे शून्य डेस्कवर बसून दिसत होतेच. पुराव्यानिशी मांडता आले ते कोणीतरी मोजल्यामुळे.

नागपुरात १९५२ मध्येच अमेरिकेतून आलेल्या रोलंड वुल्सली यांनी हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग उभा केला. म्हणजे हे शिक्षण दीक्षाभूमीच्या सोहळ्याहूनही चार वर्षांनी जुने. तिथल्या बाकावर आपली पोरे पोहोचली. आता संशोधनाचे विषय ठरतात त्या टेबलावर ती का नकोत?

प्रबंध कपाटात धूळ खातात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून अशा मित्रांना आम्ही एकच काम सांगतो : आधी वस्त्यांमध्ये फिरा. आजोबांच्या ट्रंकेत ‘जनता’चा, ‘प्रबुद्ध भारत’चा, नशीब असेल तर बनसोड्यांच्या पत्राचा एखादा पिवळा अंक असेल, तो रद्दीवाल्याच्या आधी तुमच्या हाती लागू द्या. आणि वाचकहो, तुमच्या घरी असेल तर आजच काढून ठेवा.

जयभीम!