शिकाऊ हातांतील कॉन्सर्टिना

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तारेचा रोध मोजण्यासाठीं 'व्हीटस्टनचा सेतु' मांडावा लागतो. त्या सेतूची मूळ कल्पना सॅम्युएल क्रिस्टी याची. परंतु ज्याच्या नांवानें तो ओळखला जातो तो चार्ल्स व्हीटस्टन लंडनच्या किंग्ज कॉलेजांत प्राध्यापक होता, आणि १८३७ सालीं कुक याच्या भागीदारींत त्यानें विद्युत्-तारायंत्राचें पेटंट घेतलें, इतकें पाठ्यपुस्तकांतून कळतें. व्हीटस्टनचें घराणें वाद्यें बनविणाऱ्यांचें व विकणाऱ्यांचें होतें, आणि दोन हातांत धरून वाजवावयाची एक लहानशी षट्कोनी पेटी त्यानेंच जगाला दिली, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ह्या पेटीचें नांव कॉन्सर्टिना. तिचा इतिहास सामान्यतः शोधकांच्या व कारखानदारांच्या नांवांनीं सांगतात. वस्तुतः तो नवशिक्याच्या बाजूनें पाहिला म्हणजेच नीट उलगडतो. वाद्य जन्मास येतें शोधकामुळें. जगतें तें शिकणाऱ्यामुळें.

वाद्याची रचना आपल्या ओळखीचीच आहे. बाजाच्या पेटींत धातूची एक पातळ जीभ बारीक फटीवर बसविलेली असते; भात्याची हवा तिच्यावरून गेली कीं ती थरथरते व सूर निघतो. हें तत्त्व युरोपचें नव्हे. चीनमधील 'शेंग' ह्या बांबूच्या वाद्यांत तें शतकानुशतकें चालत आलें होतें, आणि व्हीटस्टनला अशा पौर्वात्य वाद्यांचें मोठें कुतूहल होतें. १८२९ सालीं त्यानें तोंडानें फुंकावयाच्या एका छोट्या वाद्याचें पेटंट घेतलें. पुढें त्याच बटणांच्या मांडणीला घड्यांचा भाता जोडून कॉन्सर्टिना सिद्ध झाली व १८४४ च्या पेटंटांत तिचें वर्णन आलें. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर व दुसरा पट्ट्यांवर असतो. येथें मात्र दोन्ही हातांनीं भाता दाबावयाचा, ओढावयाचा, आणि त्याच हातांच्या बोटांनीं बटणेंहि चालवावयाचीं.

व्हीटस्टननें नवशिक्याचा विचार केला नव्हता असें नाहीं. पण त्याच्या डोळ्यांपुढचा नवशिका हा पुस्तक वाचणारा होता. पाश्चात्य स्वरलेखनांत कांहीं स्वर रेघेवर आणि कांहीं दोन रेघांमधील जागेंत लिहितात. व्हीटस्टननें रेघेवरचे स्वर एका हाताला दिले व जागेंतले दुसऱ्या हाताला. त्यामुळें साधी सप्तक वाजवितांना स्वर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे विणकराच्या धोट्याप्रमाणें येजा करतात. भाता दाबा कीं ओढा, एका बटणाचा स्वर तोच राहतो. यासाठीं प्रत्येक बटणामागें दोन जिभा लागतात. ४८ बटणांच्या नेहमींच्या वाद्यांत ९६ जिभा असतात. शिवाय सप्तकांत बारा स्वरांऐवजीं चौदा बटणें ठेवलीं होतीं, कारण दोन ठिकाणीं चढा व उतरता हे सूर एकच मानणें त्याच्या कानाला मानवलें नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं क्लेमंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं श्रुतींची पेटी करविली, तिच्या मुळाशींहि अशीच तळमळ होती. दोन्हीकडे अखेर बारा स्वरांची सोयच सरस ठरली.

ह्या 'इंग्लिश' कॉन्सर्टिनेचा पहिला संसार श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मांडला गेला. जूलिओ रेगोंदी हा लहानपणींच गिटारवादक म्हणून गाजलेला कलावंत तिचा पहिला मोठा वादक झाला. बर्नहार्ड मोलिक याच्यासारख्या संगीतकारानें १८५३ सालीं तिच्यासाठीं वाद्यवृंदासहित रचना केली. व्हीटस्टनच्या दुकानाच्या वह्या आज लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांत जपलेल्या आहेत. त्यांत ग्राहक म्हणून कुलीन स्त्रियांचीं नांवें फार आढळतात. किंमत कित्येक गिनींची, शिकवणी निराळी. अशा घरांतील हौस बदलली कीं वाद्य कपाटांत जातें. आणि एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच ह्या वर्गाची हौस दुसरीकडे वळली होती.

ह्याच सुमारास जर्मनींत, सॅक्सनीमधील केम्निट्स गांवीं, कार्ल फ्रीड्रिख उलिग ह्यानें १८३४ सालीं निराळ्या जातीची कॉन्सर्टिना काढली होती. ती स्वस्त होती, आणि शास्त्रीय दृष्टीनें पाहणाऱ्याला ओबडधोबड वाटावी अशी होती. तिच्या एका बटणाला भाता दाबतांना एक स्वर व ओढतांना दुसरा. पुढें इंग्लंडांतील कारागिरांनीं हीच मांडणी सुबक करून 'अँग्लो' नांवाखालीं विकली. लुई लाशेनाल ह्या स्विस कारागिरानें, जो पूर्वीं व्हीटस्टनकडेच कामाला होता, यंत्रांच्या साह्यानें वाद्यें पुष्कळ संख्येनें बनविण्याचा कारखाना घातला. अशा रीतीनें कॉन्सर्टिना मजुराच्या खिशाला परवडूं लागली.

हें वाद्य हातांत घेणाऱ्याची पहिली संध्याकाळ कशी जाते तें पाहण्यासारखें आहे. सुरुवात सुखाची असते. डाव्या हाताच्या मधल्या बटणावर भाता दाबला कीं सा, ओढला कीं रे. पुढच्यावर ग आणि म. त्याच्या पुढच्यावर प आणि ध. तीन बटणांत सहा स्वर! नवशिक्याला वाटतें, दाबावें, ओढावें, एवढीच ही विद्या. मग सातवा स्वर येतो. नी उजव्या हाताच्या पहिल्या बटणावर आहे, आणि तो दाबून नव्हे तर ओढूनच निघतो. म्हणजे ध ओढल्यावर पुन्हां ओढावयाचें, व नंतर त्याच बटणावर दाबून वरचा सा. सवयीनें हात दाबतो आणि नीच्या जागीं सा निघतो. बहुतेकांची पहिली ठेंच येथेंच लागते. इतक्यांत भाता पुरा ताणला जातो, तेव्हां अंगठ्यानें हवेचें निराळें बटण दाबून त्याला श्वास घेऊं द्यावा लागतो. हें सारें कागदावर लिहून देतां येतें, पण कागद वाचून हातांत उतरत नाहीं. शेजारीं बसून कोणी तरी वाजवावें, शिकणाऱ्यानें त्याच्या कोपरांकडे पाहावें, कानांनीं चाल धरावी, हाच तिचा खरा मार्ग. गंमत अशी कीं, ज्या उलटसुलट भात्यामुळें नवशिका अडखळतो, त्याच्याच झटक्यांनीं नाचाच्या चालीला ठेका येतो. दोष म्हणून जो टाकावा, तोच गुण ठरतो.

म्हणूनच जेथें पुस्तकें नव्हतीं परंतु नाच होता, तेथें अँग्लो रुजली. दक्षिण आफ्रिकेंत बोअर शेतकऱ्यांनीं ती उचलली, झुलू वादकांनीं तिला आपल्या चालींना जुळवून घेतलें. पण तिचें खरें माहेर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगणा ठरला. तेथील खेड्यांत रात्रीं स्वयंपाकघराची फरशी मोकळी करून नाच चालत, आणि चुलीजवळ बसून वाजविणारी पुष्कळदां घरांतलीच बाई असे. आईचें ऐकून मुलगी, मोठ्या बहिणीचें पाहून धाकटी, अशी परंपरा चालली. हीं घरें हींच शाळा होती.

त्या शाळेवर घाला आला. १९३५ सालीं आयर्लंडांत सार्वजनिक नाचांना परवाना आवश्यक करणारा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणींत घरगुती नाचांवरहि गदा आली. नाच मोठ्या दिवाणखान्यांत गेला, तेथें वाद्यांचे ताफे बसले, आणि चुलीजवळची लहान पेटी ऐकूं येईनाशी झाली. ॲकॉर्डियन अधिक मोठ्यानें बोलत होता. वाद्य मोडलें नव्हतें, वाजविणाऱ्याहि होत्या. शेजारीं बसणारें मूल तेवढें उठून गेलें होतें. एका पिढीच्या आंत विद्या संपण्यास एवढें पुरेसें असतें.

ती संपली नाहीं. किलरश गांवच्या बाजारपेठेंत मद्यगृह चालविणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) ह्या बाईंचें वादन आयरिश नभोवाणीनें १९५० नंतरच्या दशकांत ध्वनिमुद्रित केलें व तें देशभर पोंचलें. ज्या वादनाला गांवांत म्हातारपणाची खूण समजत, तें रेडिओवरून ऐकतांच लोकांना आपलें वाटूं लागलें. १९५१ सालीं पारंपरिक संगीताची संस्था निघाली. १९७३ पासून क्लेअरमधील मिलटाउन मालबे येथें पाइपवादक विली क्लॅन्सी याच्या स्मरणार्थ दर उन्हाळ्यांत वर्ग भरूं लागले, आणि आज तेथें कॉन्सर्टिना शिकणाऱ्या मुलामुलींची दाटी असते. लंडनचे जुने कारखाने बंद पडले, तरी मागणीमुळें नवे कारागीर पुढें आले.

व्हीटस्टनची मांडणी अधिक तर्कशुद्ध होती, व तिचेहि निष्ठावंत वादक आजवर टिकून आहेत. तरी ज्या मांडणीला कोणी शास्त्रशुद्ध म्हटलें नसतें, तीच घरोघर पोंचली. कारण ती एकानें दुसऱ्याच्या शेजारीं बसून शिकण्याजोगी होती. मिलटाउनच्या वर्गांत आजहि एखादें मूल सातव्या स्वराशीं अडखळतें, ओढावयाचें तेथें दाबतें, आणि शेजारचा शिक्षक न बोलतां आपला भाता हळूच ओढून दाखवितो. कॉन्सर्टिनेचा इतिहास त्या क्षणीं पुढें सरकतो.